गाभण मांजर घरात घेतली आहे आणि नवतपा तोंडावर आहे : तयारी कशी करू?

ऊनसावली | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार. मुक्काम नागपूर, मानेवाडा. पार्किंगमध्ये येणारी एक मांजर गाभण आहे. माणसाळलेली आहे, अंगाला हात लावू देते. डॉक्टरांनी पोट चाचपून १० मेच्या आसपासचा अंदाज दिलाय. म्हणजे नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागेल तेव्हा पिल्लं दोन आठवड्यांची.

घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. जागा तीन आहेत : कूलर असलेला हॉल, उत्तरेकडची छोटी खोली (कूलर नाही), आणि पश्चिमेची जाळी लावलेली बाल्कनी. कुठे ठेवू? खोका कसा हवा, खायला काय, बाळंतपणात आपण कितपत हात घालायचा? "मांजर आहे, तिचं ती बघून घेईल" हे ऐकून झालंय, त्याच्या पुढचं सांगा.

---

बोकोबा | रात्री ९:५२

डोहाळजेवण कधी? रोहू असेल तर येतो.

---

कन्हानकाठ | रात्री १०:३०

दार लावून घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा.

पहिली, कान. भटक्या मांजरीची नसबंदी केली की भूल असतानाच कानाचं टोक सरळ कापतात, बहुतेक डाव्या कानाचं. टोक कापलेलं असेल तर पोटात पिल्लं असायची नाहीत. जंत, पोटात पाणी किंवा दुसरा आजार असेल, आणि तयारी वेगळीच करावी लागेल. डॉक्टरांनी चाचपलंय म्हणजे तुमच्याकडे हा प्रश्न नसावा, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी.

दुसरी, सड. गाभण मांजरीचे सड साधारण तिसऱ्या आठवड्यात गुलाबी आणि टपोरे होतात, भोवतालचे केस विरळ होतात. पण सड ओढल्यासारखे लांब, बाजूचे केस चिकट, आणि पोट रिकाम्या पिशवीसारखं लोंबतंय असं दिसलं तर ती व्याली आहे आणि पिल्लं कुठेतरी वाट बघताहेत. अशा वेळी तिला कोंडणं म्हणजे पिल्लांना उपाशी मारणं. आधी तिच्या मागे जाऊन पिल्लं शोधायची.

तारखेचं : मांजराचा काळ ६३ ते ६५ दिवस, ५८ ते ७०पर्यंत मागेपुढे. भटक्या मांजरीचा पहिला दिवस कोणालाच ठाऊक नसतो, त्यामुळे १० मे म्हणजे ३ मे ते १७ मे असं धरा. ४५ दिवसांनंतर एक एक्स-रे काढा. तोवर पिल्लांची हाडं दिसण्याइतकी घट्ट होतात आणि कवट्या मोजता येतात. चार आहेत हे ठाऊक असेल तरच तिसऱ्यानंतर ती संपली की अडली हे कळतं. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहेच. न्यायचं तर सकाळी, ऊन चढायच्या आत. रात्री दोन वाजता कोण दार उघडतं याची चौकशी आत्ता करा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.

---

अक्षरशत्रू | रात्री १०:४४

शंका. गाय गाभण असते. मांजराला 'गाभण' चालतं का?

---

कन्हानकाठ | रात्री १०:५१

बाई पोटुशी, जनावर गाभण. मांजर माजावर येते, व्यायते, वार पडते, चीक येतो. सगळा शब्दसाठा गोठ्यातलाच आहे, मांजर फक्त सोफ्यावर बसते.

---

अक्षरशत्रू | रात्री १०:५३

शंका मागे.

---

रेघोट्या | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

जागेचं आधी ठरवा, बाकी सगळं त्यावर आहे.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत पिल्लांना गरम ठेवा, हीटिंग पॅड लावा असं असतं. ते थंड मुलखाचं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडता येत नाही, स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून खोक्यात ३० ते ३२ अंश लागतात हे खरं. पण नागपुरात मेमध्ये वरच्या मजल्यावरची खोली कूलरशिवाय ३८-४० वर बसलेली असते. तिथे पॅड सोडा, पिल्लं आणि आई दोघंही उकडून निघतात. जशी पिल्लाला ऊब धरता येत नाही तशी उष्णता टाकताही येत नाही.

बाल्कनी बाद. पश्चिमेचं ऊन दुपारी एकपासून सहापर्यंत भिंत तापवतं आणि भिंत ते मध्यरात्रीपर्यंत सोडत राहते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माळा. मांजरीला उंच, अंधारी, बंदिस्त जागा आवडते, म्हणून ती माळ्यावर चढून व्यायला बघेल. तुमच्याकडे माळा म्हणजे स्लॅबच्या खाली दीड-दोन फूट. घरातली सगळ्यात तापलेली हवा तिथेच साठते. आजच माळ्याची तोंडं पुठ्ठ्याने बंद करा. कपाटावरची जागाही.

---

तर्रीपोहे | सकाळी ८:०५

एवढं काहून डोकं लावून राहिले भाऊ. हॉलमधे कूलर आहे ना, कूलरपुढे खोका ठेवा, विषय संपला.

---

रेघोट्या | सकाळी ८:३०

@तर्रीपोहे, कूलरपुढे ठेवलं तर विषय खरंच संपेल, पिल्लांचा. ओला झोत थेट अंगावर आला की नुकतं जन्मलेलं ओलं पिल्लू अर्ध्या तासात गार पडतं, बाहेर ४५ असले तरी. गार पडलेल्याला चोखता येत नाही, आतडं थांबतं, मग आई त्याला बाजूला सारते. त्यावर लोक म्हणतात आईने टाकलं.

आणखी एक. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे ती बाहेर जायला एक खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोली नुसती दमट होते. त्या उघड्या खिडकीतून मांजर जाते आणि बोका येतो. खिडकीला लोखंडी जाळी हवी. डासांची नायलॉनची जाळी मांजर एका नखात फाडते.

---

तर्रीपोहे | सकाळी ८:४१

बरं बाप्पा. झोताच्या बाजूला ठेवा.

---

शिळीपोळी | सकाळी ९:२०

कूलरच्या टाकीकडेही बघा. डास होऊ नयेत म्हणून त्यात रॉकेल, फिनाइल किंवा अळीनाशक टाकलेलं असतं आणि मांजर तेच पाणी पिते, कारण ते थंड असतं. मागचा गवताचा तट्टा सैल असेल तर चार-पाच आठवड्यांची पिल्लं आत शिरतात, टाकीत पडतात. तट्टा तारेने बांधून घ्या. तिच्या प्यायच्या पाण्याला मातीचं पसरट भांडं, दोन जागी, खाण्याच्या ताटलीपासून लांब.

---

पेटीवाला | सकाळी ११:१०

खोक्याचं माप : साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आई आडवी पसरून सगळ्यांना पाजू शकेल एवढं. याहून मोठं नको, पिल्लं कोपऱ्यात हरवतात. दार कापताना जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर कापा. आई उडी मारून जाते, पिल्लू तीन आठवडे आतच राहतं. वरचं झाकण असू द्या पण मागच्या बाजूने उचलता येईल असं, म्हणजे हात घालता येतो. दोन बाजूंना वरच्या अंगाला बोटभर भोकं.

संत्र्याची लाकडी पेटी मिळाली तर उन्हाळ्यात ती पुठ्ठ्यापेक्षा बरी, फटींतून हवा खेळते. पण आतले खिळे वाकवा, खपल्या घासून काढा आणि खालच्या फटी पुठ्ठ्याने बुजवा, नाहीतर पाय अडकतो. वरून पातळ धोतर टाकून अंधार करायचा.

आत खाली वर्तमानपत्राचे चार-पाच थर, त्यावर जुनं सुती लुगडं किंवा चादर, ताणून कडा खाली खोचलेली. टर्किश टॉवेल नको, त्याच्या टाक्यात नखं अडकतात. गोधडी नको, पिल्लू घडीत शिरून गुदमरतं.

आणि असे दोन खोके करा. दुसरा वेगळ्या कोपऱ्यात. का ते नंतर कळेल.

---

बोकोबा | सकाळी ११:२२

सात घरांपैकी दोन आपणच बांधून द्यायची, असं ना?

---

पेटीवाला | सकाळी ११:३०

नेमकं तेच. मांजर पिल्लं 'सात घरं फिरवते' यात सात आकडा सोडला तर बाकी खरं आहे. पण ती हौसेने फिरवत नाही. जागा ओली झाली, पिसवा झाल्या, तापली, पाहुणे येऊन खोक्यात डोकावू लागले, की ती मानगूट धरून हलवते. हलवायला जवळ चांगली जागा असेल तर ती तिथे नेते, नसेल तर पलंगाखाली किंवा कपाटात. आणि हो, माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते ही भीती माणसाळलेल्या मांजरीच्या बाबतीत बिनबुडाची. हात साबणाने धुऊन, अत्तर-क्रीम न लावता धरा.

---

पंजाछाप | दुपारी १:४०

खाण्याचं.

आजपासून तिला पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य द्या, पुडीवर 'किटन' लिहिलेलं. त्यात प्रथिनं, चरबी, चुना (म्हणजे कॅल्शियम) जास्त असतो. साडेतीन किलोच्या मांजरीला एरवी दिवसाला ५५-६० ग्रॅम पुरतं, आता शेवटच्या महिन्यात ८०-९० लागेल, आणि चार पिल्लं पाजताना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १३० ते १५०. पोट पिल्लांनी भरलेलं असतं, एका वेळी फार मावत नाही, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं. बाळंतीण झाल्यावर कोरड्याची वाटी सतत भरलेली ठेवा. ओलं खाद्य मात्र मेमध्ये अर्ध्या तासात उचला, आंबतं.

घरचं द्यायचं तर बिनमिठाचं, बिनहळदीचं उकडलेलं चिकन आणि त्याचं पाणी, उकडलेलं अंडं. हे वरचं, पोट भरायचं नव्हे. नुसत्या मांसात चुना जवळपास नसतो आणि ती पिल्लांसाठी स्वतःच्या हाडांतून काढते. कलेजी आठवड्यातून एकदा चमचाभर, रोज दिली तर अ जीवनसत्त्व साठतं. कांदा-लसूण अजिबात नको, त्याने मांजराच्या रक्तपेशी फुटतात. म्हणजे सावजीचा रस्सा लांब ठेवा.

---

शेवंतीची_वेणी | दुपारी २:०५

आणि दूध? बाळंतिणीला दूध-पोळी नको का? डिंकाचा लाडू नाही म्हटलं तरी थोडं तूप?

---

पंजाछाप | दुपारी २:२०

ताई, डिंकाचे लाडू मांजरीच्या नावाने करा आणि घरच्यांनी खा. मोठ्या मांजरीला गाई-म्हशीचं दूध बहुधा पचत नाही, ढाळ लागते, आणि उन्हाळ्यात पाजणाऱ्या मांजरीला ढाळ म्हणजे थेट दूध आटणं. पोळीत तिच्या कामाचं काही नाही.

कॅल्शियमच्या गोळ्या-सिरप बाळंतपणाआधी स्वतःच्या मनाने देऊ नका. वरून चुना मिळाला की शरीर हाडांतून चुना काढायची सवय मोडतं आणि दूध उतरल्यावर रक्तातला चुना एकदम खाली येतो. मग आकडी. व्याल्यानंतर दोन-चार आठवड्यांत मांजर ताठ चालू लागली, थरथरली, धापा टाकू लागली तर पिल्लं बाजूला करून त्याच तासात डॉक्टर.

---

नसबंदी_हाच_उपाय | दुपारी ३:३०

कटू वाटेल, पण कोणीतरी म्हणायला हवं. गाभणपणातही नसबंदी करता येते. चार पिल्लांना चार घरं मिळणार आहेत का? अजून महिना आहे. डॉक्टरांशी बोला.

---

शेवंतीची_वेणी | दुपारी ३:३८

काय बोलता हो!

---

कन्हानकाठ | दुपारी ४:१०

बोलायचा मुद्दा चुकीचा नाही. अशी शस्त्रक्रिया होते, अनेक ठिकाणी नेमाने होते. पण शेवटच्या तीन आठवड्यांत गर्भाशय रक्ताने भरलेलं असतं, भूल आणि रक्तस्राव दोन्ही जड जातात, शिवाय हे तापमान. ऊनसावली यांनी पिल्लं होऊ द्यायचं ठरवलंय, तो निर्णय त्यांचा. मात्र नंतरची नसबंदी आत्ताच ठरवा. पाजणारी मांजर गाभण राहत नाही हा गैरसमज आहे. पिल्लं महिन्याची असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. एक बोका, एक उघडी खिडकी, की पुढचं वेत तयार.

---

नसबंदी_हाच_उपाय | दुपारी ४:१६

एवढं मान्य असेल तर माझं भांडण नाही.

---

बोकोबा | दुपारी ४:२०

एक बोका म्हटलं की लोक माझ्याकडे का बघतात?

---

कन्हानकाठ | दुपारी ४:२५

एकच असेल असंही नाही. मांजरीचं बीज मिलन झाल्यावर सुटतं, आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. एक काळं, एक पिवळं, एक पट्टेदार निघालं तर तुमच्यावरचा संशय वाटला जाईल.

---

पशुवैद्य_इतवारी | रात्री १०:१५

बाळंतपणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक एकतर फार लवकर हात घालतात नाहीतर फार उशिरा.

जवळ ठेवायचं सामान : अंकी थर्मामीटर, एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, हातमोजे, उकळलेला सुती दोरा, बोथट टोकाची कात्री, पोव्हिडोन आयोडीन, धुतलेल्या सुती कापडाचे वीसेक तुकडे, मांजराच्या पिल्लांची दूध पावडर आणि बाटली. पावडर आधीच आणा, रात्री अकराला ती कुठेच मिळत नाही.

मांजरीचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. गुदद्वारातून घेतलेलं तापमान ३७.८च्या खाली गेलं तर बहुधा पुढच्या १२ ते २४ तासांत काम सुरू होतं. ती खाणं सोडते, खोका उकरते, आतबाहेर करते, घुरघुरते, कधी तोंड उघडून धापा टाकते. पहिलटकरीण असेल तर हे १२ तास, कधी जास्तही चालतं. खोलीत एकच माणूस, दिवा मंद.

मग जोराच्या कळा. पहिलं पिल्लू अर्ध्या तासात यायला हवं. पुढची दहा मिनिटांपासून तासाभराच्या अंतराने. डोक्याने आलं काय, शेपटीने आलं काय, मांजरात दोन्ही नेहमीचं, घाबरू नका. प्रत्येकाची वार (पिल्लामागून पडते ती) मोजा. वार आई खाते, दोन-तीन खाऊ द्या, सगळ्या खाल्ल्या तर जुलाब होतात.

तुम्ही कधी हात घालायचा? पिल्लू बाहेर पडलं आणि मिनिटभरात आईने पिशवी फाडली नाही, तर नाकाजवळ बोटाने फाडा, नाक-तोंड पुसा, डोकं किंचित खाली ठेवून कापडाने खसखसून चोळा. पिल्लू हातात धरून जोरात झुलवायची जुनी पद्धत सोडा, मेंदूला इजा होते. नाळ आईने तोडली नाही तर पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर दोऱ्याने बांधा, गाठीच्या पलीकडे कापा, टोकाला आयोडीन. पोटाकडे ओढ बसू देऊ नका, हर्निया होतो. बाहेर लोंबणारी वार ओढू नका.

आणि डॉक्टरकडे कधी : अर्धा तास जोराच्या कळा आणि पिल्लू नाही. पिल्लू अर्धं बाहेर येऊन दहा मिनिटं अडकलेलं. ताज्या लाल रक्ताची धार. पहिलं पिल्लू यायच्या आधी हिरवट स्राव, किंवा दुर्गंधी.

गोंधळ इथे होतो : दोन पिल्लं झाली, मांजर निवांत झोपली, पाजते, खाते, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन! मांजर मध्येच थांबू शकते, अगदी दिवसभर. निवांत असेल तर काळजी थोडी कमी, पण एक्स-रेची संख्या पूर्ण झाली नसेल तर डॉक्टरांना फोन करायचाच. अस्वस्थ, निस्तेज, कळा देऊन थकलेली असेल तर वाट बघू नका.

---

रेघोट्या | रात्री १०:४०

धापांबद्दल विचारतो. मेमध्ये कळांच्या धापा आणि उन्हाच्या धापा वेगळ्या कशा ओळखायच्या?

---

पशुवैद्य_इतवारी | रात्री १०:५५

फार योग्य प्रश्न. थर्मामीटर. कळांच्या आधी तापमान उतरलेलं असतं. ४० किंवा वर असेल, हिरड्या लालभडक, लाळ गळतेय, डोळे भिरभिरलेले, तर ऊन लागलंय. पंजे, पोट, कान साध्या नळाच्या पाण्याने भिजवा, पंखा सोडा आणि निघा. बर्फाचं पाणी नको, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच राहते.

पिल्लांचं थर्मामीटरशिवाय कळतं. ढिगाऱ्यासारखी एकावर एक चढलेली आणि किंकाळतात, तर गारठली आहेत. एकमेकांपासून लांब पसरलेली, अंग ढिलं, तोंड उघडं, तर उकडतंय. हलकेच एकमेकांना टेकून झोपेत अधूनमधून झटके देताहेत, तर सगळं ठीक आहे. झोपेतले ते झटके निरोगी पिल्लाचं लक्षण, आकडी नव्हे.

---

सातबारा | १४ एप्रिल, सकाळी ८:२०

आमच्या घरी सून गरोदर आहे आणि मांजर येतेच. लोक म्हणतात बाळाला धोका. हाकलावी का?

---

पशुवैद्य_इतवारी | सकाळी ९:०५

हाकलायची गरज नाही, काम वाटून घ्या. भीती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते. मांजर पहिल्यांदा बाधित झाल्यावर एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याच्या पुटिका सोडते, आणि त्या बाहेर पडल्यावर बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून विष्ठेचा ट्रे रोज साफ करायचा आणि तो सुनेने नाही, दुसऱ्या कोणीतरी. कच्चं मटण हाताळणं आणि न धुतलेली भाजी यातूनही तो तितकाच येतो, तिकडेही लक्ष द्या. मातीत हात घालताना हातमोजे. सुनेच्या डॉक्टरांना सांगून ठेवा.

---

शिळीपोळी | सकाळी १०:३०

ट्रेवरून आठवलं. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की जे दिसेल ते चाखतात. पाणी लागल्यावर गोळा होणारी बाजारातली माती त्यांच्या आतड्यातही गोळा होते. दोन महिन्यांची होईपर्यंत ती नको. कन्हानची रेती चाळून, दोन दिवस उन्हात तापवून वापरा, किंवा कागदाच्या पट्ट्या. ट्रेची कड चार-पाच सेंटिमीटर, जेवणाचं जुनं पसरट ताट चालतं.

खोली पुसायला फिनाइल, डेटॉल नको. मांजराच्या यकृताला फिनॉलच्या जातीची रसायनं फोडता येत नाहीत, आणि ती पंजे चाटते. आधी साबणाचं पाणी, मग एक लिटर पाण्यात ३० मिली ब्लीच, दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने पुसून वाळवा. मांजरी बाहेर असताना. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही काढा, ती कपाटात घुसणारच आहे.

---

अक्षरशत्रू | सकाळी १०:४१

ताप आला तर क्रोसिन अर्धी?

---

पशुवैद्य_इतवारी | सकाळी १०:४४

नाही! पाव सुद्धा नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारू शकते. तसंच पिसवांचं कुत्र्यांचं औषध, ज्यात परमेथ्रिन असतं, तेही विष. पिसवांना उवांची बारीक फणी, शेजारी साबणाच्या पाण्याचा वाडगा, फणी त्यात बुडवत जा. खोक्यातलं कापड दोन दिवसांनी बदला, कढत पाण्यात धुवा. पिसवा फार झाल्या तर एवढंसं पिल्लू रक्त कमी होऊन जातं. हिरड्या पांढुरक्या दिसल्या की ओळखा.

---

पंजाछाप | दुपारी १२:१५

रोज एकाच वेळी वजन करा, वहीत लिहा. जन्माला ९० ते ११० ग्रॅम, मग रोज १० ते १५ ग्रॅमची वाढ, आठ-दहा दिवसांत दुप्पट. पहिल्या दिवशी किंचित घट चालते. नंतर दिवसभर वजन जागचं हललं नाही तर दुधाकडे बघा, घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सगळी सारखी दिसत असतील तर शेपटीला नेलपॉलिश लावू नका, आई चाटते. कानामागचे चार केस वेगवेगळ्या जागी कापा.

वरचं दूध द्यायची वेळ आली तर : १०० ग्रॅम पिल्लाला दिवसभरात २०-२४ मिली, एका वेळी २-३ मिली, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पालथं धरून पाजायचं, आई पाजते तसं. उताणं धरलं की दूध फुफ्फुसात. गार पिल्लाला आधी तासभर अंगाशी धरून हळूहळू ऊब, मगच दूध. पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसायचं, त्याशिवाय ते शी-शू करत नाही. गाईचं दूध इथेही नाही, त्यात साखर जास्त, प्रथिनं आणि चरबी कमी.

---

तर्रीपोहे | दुपारी १२:३०

रात्री दर दोन तासांनी. हे तर पोट्ट्यांपेक्षा जास्त आहे भाऊ.

---

सातबारा | दुपारी ३:१०

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले पिल्लं झाली की अंबाझरी तलावाकडे सोडून या. त्यांना काय सांगायचं?

---

नसबंदी_हाच_उपाय | दुपारी ३:४५

प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा १९६०चा कायदा, कलम ११. पाळलेलं जनावर सबळ कारणाशिवाय वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे. पण कायदा सांगण्याआधी नसबंदीची तारीख सांगा, सेक्रेटरी त्यानेच गप्प होतात. पिल्लं आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडू नका, आणि दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात रोज हातात घ्या. याच काळात ती माणसाची होतात. रानटी राहिलेलं पिल्लू कोणी घेत नाही.

कोणाला ओरखडा-चावा झाला तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं).

---

ऊनसावली | रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार, वही भरली. एक्स-रेची वेळ सकाळी साडेआठची घेतली, माळ्याला पुठ्ठे लागले.

तारखा अशा लावल्यात, चुकल्या असतील तर सांगा. १० मे पिल्लं. मेअखेर पहिलं जंताचं औषध, आईला आणि पिल्लांना. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ओलं खाद्य चाखवायला सुरुवात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिली लस. पिल्लं तुटल्यावर दूध आटायला दोन आठवडे, म्हणजे जुलैच्या शेवटी आईची नसबंदी.

पण मूळ प्रश्न राहिलाच. हॉल की छोटी खोली?

---

पशुवैद्य_इतवारी | रात्री ९:४८

तारखा बरोबर. लस सहा ते आठ आठवड्यांत पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, १६ आठवडे होईपर्यंत. रेबीज तीन महिन्यांना. आईला मात्र गाभण असताना लस टोचू देऊ नका, जिवंत विषाणूची लस पिल्लांच्या मेंदूला धक्का देते. आणि माजाची लक्षणं दिसली तर जुलैअखेरपर्यंत थांबू नका, आधी या.

---

रेघोट्या | रात्री १०:०५

छोटी खोली. पण कूलर हॉलचाच वापरा.

हॉलच्या सगळ्या खिडक्या बंद करा. छोट्या खोलीचं दार उघडं आणि तिची खिडकी उघडी, लोखंडी जाळीसह. कूलरने आत ढकललेल्या हवेला बाहेर जायला तेवढीच वाट राहते, म्हणून गार हवा आपोआप छोट्या खोलीतून वाहते, झोत न लागता. खोका दार आणि खिडकी यांच्या सरळ रेषेत नको, बाजूच्या भिंतीला, थेट फरशीवर. खोक्याच्या उंचीवर थर्मामीटर टांगा. २८ ते ३१ दिसलं की हात लावू नका. रात्री २८च्या खाली गेलं तर कूलरचा पंप बंद, नुसता पंखा.

वीज गेली तर पाण्याची गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या बाहेर, एका बाजूला टेकवून. आईला हवं तर ती सरकेल. आणि पाऊस लागला की कूलरचा उपयोग संपतो, हवा आधीच ओली असते. तेव्हा पंप कायमचा बंद करा, नाहीतर खोक्यातल्या कापडाला बुरशी.

---

ऊनसावली | रात्री १०:१२

हे डोक्यातच आलं नव्हतं. पण दार उघडं ठेवलं तर ती हॉलमध्ये येईल ना?

---

पेटीवाला | रात्री १०:२०

दाराच्या चौकटीत दीड फूट उंच फळी आडवी. आई ओलांडेल, पिल्लं नाही, हवा वरून जाईल. दुसरा खोका हॉलमध्ये सोफ्यामागे ठेवा.

---

बोकोबा | रात्री १०:२४

आणि तिसरं घर तुमचं कपडे ठेवायचं कपाट. त्याला कुलूप लावा, आजच.